माफी, मुक्ती आणि हेअरकट

रूपक म्हणजे काय असं विचारलं तर आपल्यापैकी बहुतेकांना दहावीचं व्याकरण आठवेल. उपमेय आणि उपमान यांत भेद नाही, दोन्ही एकच आहेत असं वर्णन केलं की झाला रूपक अलंकार! मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझ्या वाट्याला हेच प्रकरण ‘फिगर्स ऑफ स्पीच’ म्हणून आलं. भाषा वेगळी, शिकवण मात्र तीच. रूपक हा दागिना आहे. तो कवींनी घालायचा, परीक्षेत आपण ओळखायचा आणि एरवी साध्या माणसांनी साधं बोलायचं. इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली तेव्हा वाटलं, चला, सुटले एकदाची!

पण कसली सुटका? पहिल्याच सेमिस्टरला करंट ‘वाहायला’ लागला. मशीन ‘हँग’ होतं, फाइल ‘करप्ट’ होते, कॉम्प्युटरला ‘व्हायरस’ लागतो, आणि बिचाऱ्या लोखंडाला ‘फटीग’ येतो. ही सगळी रूपकंच आहेत. गंमत म्हणजे ती नुसती नावं नाहीत, त्यांच्यावर आपण गणितं सोडवतो. डेड्रे गेंटनर आणि डोनाल्ड गेंटनर या दोघांनी १९८३ साली यावर एक छान अभ्यास प्रसिद्ध केला. वीज म्हणजे नळातून वाहणारं पाणी असं ज्यांच्या डोक्यात होतं, त्यांना बॅटऱ्या सिरीजमध्ये की पॅरललमध्ये ही गणितं बरी जमली. वीज म्हणजे फाटकातून जाणारी गर्दी असं समजणाऱ्यांना रेझिस्टन्सची गणितं बरी जमली. विषय एक, गणितं तीच, फक्त मनातलं चित्र वेगळं! प्रत्येक चित्र काहीतरी दाखवतं आणि काहीतरी झाकतं. पाण्याचा पाइप कापला तर खोलीभर पाणी होतं; वायर कापली तर खोलीभर करंट होत नाही. (आमच्या लॅबमध्ये हे प्रयोग करून पाहू नये, ही नम्र विनंती.)

आता मुद्द्यावर येते. जर सर्किटसारख्या मोजता येणाऱ्या गोष्टीत चित्र इतकं काम करतं, तर राजकारणात ते काय करत असेल?

हा प्रश्न जगात गाजवला जॉर्ज लेकॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने. मार्क जॉन्सन या तत्त्वज्ञाबरोबर त्याने १९८० साली ‘मेटॅफर्स वुइ लिव्ह बाय’ हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की माणूस विचारच रूपकांतून करतो, बोलणं नंतरचं. त्याचं आवडतं राजकीय उदाहरण म्हणजे ‘टॅक्स रिलीफ’. २००१ साली बुश सरकार आल्याबरोबर हा शब्द सगळीकडे सुरू झाला. रिलीफ म्हटलं की आधी कुणाला तरी पीडा असली पाहिजे. म्हणजे कर ही पीडा. ती दूर करणारा उपकारकर्ता, आणि त्याला अडवणारा दुष्ट. विरोधी पक्षानेही तोच शब्द उचलला आणि वादाला तोंड फुटण्याआधीच अर्धा वाद हरला!

हे वाचल्यावर मी मेसमध्ये येणारा मराठी पेपर वेगळ्या नजरेने वाचायला लागले. कॉन्व्हेंटमध्ये शिकण्याचा एक फायदा सांगते. मराठी मीडियमच्या मैत्रिणी ज्या शब्दावरून सहज पुढे जातात, तिथे मी अडते. ‘मोर्चेबांधणी’ म्हणजे काय बांधतात, हे मला डिक्शनरीत पाहावं लागतं. आणि पाहिलं की कळतं, मोर्चा म्हणजे मुळात वेढ्याच्या वेळी तोफा रोखायची, सैन्य बसवायची जागा. आघाडी म्हणजे सैन्याची पुढची बाजू. बालेकिल्ला म्हणजे गडाचा सगळ्यात उंच, शेवटपर्यंत लढवायचा भाग. रणशिंग फुंकलं जातं, खिंडार पडतं, शिलेदार फुटतात, आणि मतदानाच्या आधी ‘प्रचाराच्या तोफा थंडावतात’. उरलेली जागा आखाडा भरून काढतो: शड्डू, डाव, धोबीपछाड, चितपट. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला धावतो म्हणे, इंग्लंडमध्ये उभा राहतो. आपला आधी ‘उभा राहतो’, मग ‘लढवतो’, नाही जमलं तर ‘पडतो’, आणि मध्येच कुणी समजूत घातली तर ‘बसतो’सुद्धा.

यात आपण, म्हणजे मतदार, कुठे असतो? अमुक तालुका अमक्याचा बालेकिल्ला, असं लिहिलं की तिथली दोन-तीन लाख माणसं भिंतीतले दगड झाली. दगडाला कुणी रस्त्याबद्दल विचारत नाही, किल्ला शाबूत राहिला की झालं. खरं तर ‘निवडणूक’ हा मूळ शब्द किती घरगुती आहे! निवडणं म्हणजे सुपात धान्य घेऊन बसणं. फक्त तांदूळ निवडताना आपण वेचून बाहेर काढतो ते खडे असतात, हे लक्षात आलं की मग फार हसू येत नाही. असो.

लढाईची भाषा सगळ्यांना दिसते, तिच्यावर खूप लिहूनही झालंय. मला जास्त भीती वाटते ती न दिसणाऱ्या शब्दांची. त्यातला एक शब्द आमच्या रूममध्येच राहतो: कर्जमाफी.

माझी रूममेट यवतमाळकडची आहे, घरी कोरडवाहू कापूस. मी आले शहरातून, आमच्याकडे इंग्रजी पेपर यायचा, त्यामुळे मला हा विषय ‘लोन वेव्हर’ म्हणून माहीत होता. एकदा बोलता बोलता मी ‘तुमच्याकडे माफी मिळाली का?’ असं विचारलं. ती शांतपणे म्हणाली, “माफी कायची? बाबांनी चोरी केली का?” राग नव्हता तिच्या आवाजात. अनेकदा ऐकलेल्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर देतात, तसं ते होतं.

मी शब्द पाहायला बसले. इंग्रजी ‘वेव्ह’ करणं म्हणजे आपला हक्क आपण सोडणं. म्हणजे वाक्याच्या मध्यभागी आहे देणारा. बँकेचा हक्क होता, तो सोडला. मराठीत आलं की मध्यभागी शेतकरी येतो आणि तो हात जोडून उभा असतो. माफी मागतात, माफी देतात, माफीचा साक्षीदार होतात. या शब्दाच्या आजूबाजूला सगळी वस्ती गुन्ह्याची आहे. रूपक नीट मांडलं तर असं दिसतं: कर्ज न फिटणं हा गुन्हा, शेतकरी गुन्हेगार, सरकार दयाळू राजा. पाऊस, कापसाचा भाव, बियाण्याची किंमत, निर्यातबंदी यांना या चित्रात जागाच नाही. गुन्हा म्हटला की करणारा एकटाच असतो ना!

शब्दाचा हा खेळ ओळखणारे लोक महाराष्ट्रात लेकॉफचं नाव इथे पोहोचण्याच्या आधीपासून आहेत. शरद जोशी स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून परत आले, चाकणजवळ आंबेठाणला स्वतः शेती करायला लागले, आणि १९८० च्या कांदा आंदोलनापासून शेतकरी संघटना राज्यभर पोहोचली. त्यांचा युक्तिवाद अर्थशास्त्राचा होता: सरकारच धोरणं आखून शेतमालाचा भाव पाडतं, तेव्हा शेतकऱ्याचं कर्ज हे त्याचं देणं नसून त्याच्याकडून आधीच काढून घेतलेल्या पैशाची सावली आहे. असं मानलं तर ‘माफी’ हा शब्द चालणारच नाही. म्हणून संघटनेचा शब्द होता ‘कर्जमुक्ती’. आणि घोषणा होती, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. या चार-पाच शब्दांत दोन चित्रं समोरासमोर उभी आहेत, एक भिकाऱ्याचं आणि एक व्यापाऱ्याचं. भाषाशास्त्राच्या क्लासला हे उदाहरण फुकट मिळेल.

आता सरकारी योजनांची नावं पाहा. १९९० साली व्ही. पी. सिंग सरकारची योजना दहा हजार रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी होती, तिच्या इंग्रजी नावात ‘रिलीफ’ होतं. २००८ च्या केंद्रीय बजेटमध्ये साठ हजार कोटींची योजना आली, तिच्या नावात ‘वेव्हर’ही होतं आणि ‘रिलीफ’ही. दोन हेक्टरपर्यंतवाल्यांना पूर्ण सूट. त्याहून जास्त जमीन असेल तर पंचाहत्तर टक्के आधी भरा, मग पंचवीस टक्के सोडू. विदर्भात कोरडवाहू जमीन दोन हेक्टरहून जास्त असणारे पुष्कळ, त्यांच्या हाती यातून फारसं लागलं नाही, ही टीका तेव्हाच झाली होती. २०१७ साली राज्याने दीड लाखापर्यंतची योजना आणली आणि नावात घातला ‘सन्मान’. डिसेंबर २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची योजना जाहीर झाली, आणि तिच्या नावात ‘कर्जमुक्ती’ हा शब्द आला, तोही महात्मा जोतिराव फुल्यांच्या नावाबरोबर. म्हणजे आंदोलनातला शब्द तीसेक वर्षांनी शासन निर्णयात पोहोचला. पेपरांनी मात्र हेडिंग दिलं ‘कर्जमाफी’. सगळे अजून तेच म्हणतात. माझी रूममेटसुद्धा घाईत असली की तेच म्हणते.

इथे आमच्या विंगमधल्या एकीने मला अडवलं. ती टीएफडब्ल्यूएस कोट्यातली आहे. ती म्हणाली, “माझी पण फी माफच आहे की, मला नाही वाटत गुन्हेगार असल्यासारखं!” मुद्दा बरोबर आहे. ‘माफी’ हा शब्द आला अरबी-फारसीतून आणि जुन्या कागदपत्रांत साऱ्यातून सूट मिळालेल्या जमिनीलाही ‘माफी’ म्हणत. तिथे गुन्हा नाही. फीमाफी, करमाफी, टोलमाफी यांतही नाही. मग कर्जाच्याच शेजारी बसल्यावर या शब्दाला गुन्ह्याचा वास का येतो? मला वाटतं, कारण कर्ज हा शब्द आधीच डागाळलेला आहे. कर्जबाजारी, कर्ज बुडवलं, थकबाकीदार, तोंड लपवलं. आपल्याकडे ‘ऋण’ प्रतिष्ठित आहे: मातृऋण, पितृऋण, समाजाचं ऋण, पुढारी भाषणात ‘मी आपला ऋणी आहे’ म्हणतात. ‘मी आपला कर्जदार आहे’ असं म्हणणारा पुढारी मी तरी ऐकला नाही. शब्द एकटा काही करत नाही, शेजाऱ्यांच्या संगतीने करतो. एप्रिल २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेल म्हणाले की अशा माफीने ‘ऑनेस्ट क्रेडिट कल्चर’ला धक्का बसतो. त्यांची काळजी खोटी नव्हती. जो पोटाला चिमटा काढून हप्ता भरतो त्याला वेड्यात काढल्यासारखं वाटतंच, आणि खासगी सावकाराचं कर्ज तर या योजनांत येतच नाही. पण ‘ऑनेस्ट’ हा शब्द आला की समोर ‘डिसऑनेस्ट’ कोण ते न सांगता कळतं.

आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पाहू. शेतकऱ्याने नाही, कारखान्याने पैसे थकवले तर कोणते शब्द येतात? १९८५ सालचा एक कायदा होता, ‘सिक इंडस्ट्रियल कंपनीज’ नावाचा, २०१६ मध्ये तो रद्द झाला. सिक म्हणजे आजारी! आपण अजूनही ‘आजारी कारखाना’, ‘आजारी सूतगिरणी’ म्हणतो. आजाऱ्याला कुणी रागावत नाही. त्याला तपासायचं, औषध द्यायचं. बँकांच्या भाषेत तर अशा युनिटसाठी ‘नर्सिंग’ हा शब्दसुद्धा होता. त्यानंतर आलं ‘स्ट्रेस्ड असेट’. आपल्याला स्ट्रेस म्हणजे काय ते मेकॅनिक्समध्ये चांगलं माहीत आहे: बाहेरून लोड आला म्हणून आत ताण. दोष लोडचा, बीमचा नाही. आणि मग या सगळ्याचा शिरोमणी, ‘हेअरकट’. बँकेला येणं असलेल्या रकमेतला जो भाग सोडून द्यावा लागतो त्याला हेअरकट म्हणतात. केस कापले की दुखत नाही, रक्त येत नाही, पुन्हा उगवतात, उलट माणूस जरा नीटनेटका दिसतो! जून २०२१ मध्ये व्हिडिओकॉन समूहाच्या प्रकरणात सुमारे पासष्ट हजार कोटींच्या मान्य दाव्यांसमोर जेमतेम तीन हजार कोटींची योजना मंजूर झाली. तेव्हा मुंबईतल्या कंपनी न्यायाधिकरणालाच राहवलं नाही. हा हेअरकट आहे की मुंडण, अशा अर्थाचा शेरा त्यांनी निकालात मारला. (ती मंजुरी २०२२ मध्ये अपिलात रद्द झाली.) एका रूपकाने दुसऱ्या रूपकाला चपराक दिल्याचं इतकं छान उदाहरण मी दुसरं पाहिलं नाही.

न्यायाने बोलायचं तर या दोन गोष्टी तंतोतंत सारख्या नाहीत. दिवाळखोरीच्या कायद्यात मालकाच्या हातून कंपनी जाते; कर्जमाफीत शेतकऱ्याची जमीन राहते. ‘राइट-ऑफ’ म्हणजे तर नुसती बँकेच्या पुस्तकातली नोंद, वसुली चालूच राहू शकते. तेव्हा ‘उद्योगपतींना माफी, शेतकऱ्याला फाशी’ छापाची भाषणं मला पटत नाहीत. माझं म्हणणं शब्दांपुरतं आहे. एक आजारी, एक तणावग्रस्त, एक केशकर्तनालयात, आणि एक आरोपीच्या पिंजऱ्यात. चौघांनीही केलेलं कृत्य मात्र एकच, वेळेवर पैसे न भरणं. जाता जाता, त्या २०१६ च्या कायद्याला मराठीत ‘नादारी व दिवाळखोरी संहिता’ म्हणतात. नादारी! आमच्या आजोबांच्या पिढीत गरीब मुलाला शाळेची फी सुटली की ‘नादारी मिळाली’ म्हणत. तोच शब्द आज कॉर्पोरेट वकिलांच्या टेबलावर आहे.

“शब्दांनी काय फरक पडतो, डेटा दाखव!” असं इंजिनिअर लोक म्हणणारच, म्हणून तोही दाखवते. पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडित्स्की यांनी २०११ साली एक प्रयोग छापला. एका काल्पनिक शहरातली गुन्हेगारी वाढतेय असा उतारा लोकांना दिला. आकडे सगळ्यांना सारखे. फक्त काहींच्या उताऱ्यात गुन्हेगारी हे शहरावर टपलेलं ‘हिंस्र जनावर’ होतं, काहींच्या उताऱ्यात ती शहराला लागलेला ‘व्हायरस’ होती. जनावरवाल्यांनी पोलीस आणि तुरुंग जास्त मागितले. व्हायरसवाल्यांचा कल कारणं शोधून सुधारणा करण्याकडे झुकला. आणि कशामुळे असं वाटलं विचारल्यावर बहुतेकांनी बोट दाखवलं आकड्यांकडे! मात्र प्रकरण इथेच मिटलेलं नाही. २०१४ साली जेरार्ड स्टीन आणि सहकाऱ्यांनी तसाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा त्यांना रूपकाचा असा परिणाम सापडला नाही. २०१५ मध्ये मूळ लेखकांनी उत्तर दिलं की परिणाम आहे, पण लहान आहे. मला स्वतःला हे ‘लहान आहे’ पटतं. एका उताऱ्याने माणूस बदलत नाही. पण एकच शब्द तीस वर्षं रोज पेपरात आला, तर? तसा प्रयोग कुठल्या लॅबमध्ये करणार?

या उलट्या बाजूचाही एक शब्द आहे, त्यावर कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. ‘अन्नदाता’, ‘जगाचा पोशिंदा’. ऐकायला किती गोड! पण दाता म्हणजे देणारा, दान करणारा. दाता बिल पाठवत नाही. ज्याला आपण दाता म्हणून देव्हाऱ्यात बसवलं, त्याने कापसाला क्विंटलमागे चार पैसे जास्त मागितले की आपल्याला ते दात्याला शोभत नाही असं वाटायला लागतं. मला तर वाटतं, ज्याला भाव द्यायचा नसतो त्याला आपण पदवी देतो. (मेसच्या मावशींना ‘अन्नपूर्णा’ म्हणणाऱ्या आपण सर्वांनी यावर जरा विचार करावा.)

शेवटी राहिला तो शब्द जो मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो, आणि तो कुठल्या पुढाऱ्याने काढलेला नाही. सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ नावाचा रकाना असतो. जमिनीवर कर्ज काढलं की त्यात नोंद होते, तिला म्हणतात ‘बोजा’. बोजा चढतो, बोजा उतरतो. म्हणून मग मागणी होते ‘सातबारा कोरा करा’; २०२५ च्या आंदोलनांतही हीच घोषणा होती. बोजा या चित्रात गुन्हा नाही, दया नाही. नुसतं वजन आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर लोड. आणि लोडचं एक आपल्याला स्टॅटिक्सच्या पहिल्या तासाला शिकवतात: फ्री बॉडी डायग्राम काढा, तो कुठून आला आणि कुठल्या सपोर्टवर गेला ते दाखवा. तो हवेत नाहीसा होत नाही. शेतकऱ्याच्या रकान्यातून उतरला तर राज्याच्या बजेटवर चढतो, तिथून आणखी कुणावर. मग वाद घालायचा तर तो यावर घालता येतो, की मुळात हा लोड आला कुठून, पावसातून, भावातून की धोरणातून, आणि कुणाच्या खांद्याला किती पेलेल. ‘माफी’ म्हटलं की हा डायग्राम काढायचं कुणाला सुचतच नाही.

रूममेटच्या बाबांचं कर्ज २०१९ च्या योजनेत बसलं होतं. त्या वेळच्या फेरफाराची झेरॉक्स तिच्या फाइलमध्ये आहे, इन्कम सर्टिफिकेटच्या मागे. मी मागून घेऊन वाचली. योजनेच्या नावातली ‘मुक्ती’ त्यात नाही, पेपरातली ‘माफी’ही नाही. शिक्क्याच्या वर एवढंच आहे: बोजा कमी केला. त्याच्या खाली पुढच्या हंगामाच्या पीककर्जाची नोंद आहे. बोजा दाखल.